भिंगाचे वर्तुळ

हैदराबाद म्हटले की चारमिनार आणि सालारजंग संग्रहालय सर्वांनाच आठवतात. लाला दीनदयाळ यांची आठवण मात्र थोड्यांनाच होते. 1844 साली मीरतजवळच्या सरधना गावी जन्मलेल्या या गृहस्थांनी रूडकीला स्थापत्याचे शिक्षण घेतले, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी केली आणि छायाचित्रणाच्या छंदापायी अखेर ते सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांच्या चित्रशाळेतील 2,857 काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आहेत.

त्या काळी काच जितकी मोठी, तितके मोठे क्षेत्र व्यापणारे भिंग लागे. भिंगातून आत उमटणारी प्रतिमा मुळात गोल असते. विजेरीचा झोत भिंतीवर पडावा तशी. त्या वर्तुळात मावेल तेवढाच चौकोन आपल्या चित्राचा. काच वर्तुळाबाहेर गेली की चारही कोपरे काळे! आता काच गेली, फिल्मही बहुतेक गेली, त्यांच्या जागी सेन्सर आला. पण हा नियम जागचा हललेला नाही.

हे पुराण सांगण्याचे कारण असे की, हैदराबादेत नोकरीस असलेल्या आमच्या परिचयातील एका तरुणाने नुकताच एक प्रश्न विचारला. सुटीच्या दिवशी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढून तो घरखर्चास हातभार लावतो. त्याचा कॅमेरा लहान सेन्सरचा, म्हणजे क्रॉप जातीचा. भिंगेही त्यालाच साजेशी. ईस्टरनंतरच्या लग्नसराईपूर्वी कर्ज काढून फुल-फ्रेम कॅमेरा घ्यावा आणि जुनीच भिंगे त्यावर चढवावीत, असा त्याचा बेत. भिंगे चालतील काय?

बसतील, पण चालतील असे म्हणणे कठीण. फुल-फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा असतो आणि त्याचा कर्ण 43 मिलिमीटर भरतो. लहान सेन्सर सुमारे 24 बाय 16, कर्ण 29च्या आत. भिंग या लहान मापाचे असेल, तर मोठ्या सेन्सरच्या कडा अंधारात राहणारच. म्हणून निकॉन, सोनी यांचे फुल-फ्रेम कॅमेरे असे भिंग ओळखून केवळ मधला भाग टिपतात. कॅननच्या जुन्या, आरसा असलेल्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यांवर तर त्याच कंपनीची ईएफ-एस भिंगे बसतच नाहीत. आरशाच्या नव्या कॅमेऱ्यांवर नव्हे, आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर मात्र ती जोडकडे लावून बसतात, आणि तेथेही मधलाच भाग मिळतो.

हा मधला भाग केवढा? निम्म्याहूनही कमी. 24 मेगापिक्सेलचे चित्र सुमारे 10 वर येते. बारा बाय आठ इंचांच्या छापील चित्रास तेवढे पुष्कळ झाले. पण हल्ली अल्बममध्ये वधूवरांचे एकच चित्र दोन पानांवर, 36 इंच रुंद पसरण्याची हौस आहे. (आम्हांस ती फारशी रुचत नाही, पण पैसे देणाऱ्याची हौस!) तेथे दर इंचाला 108 बिंदूच उरतात, आणि नवरीच्या जाळीच्या ओढणीचे नाजूक काम पुसट होते. शिवाय मंद उजेडाच्या सभागृहात मोठा सेन्सर अधिक प्रकाश गोळा करतो, हाच त्याचा मोठा लाभ. कडा सोडून दिल्या की तो लाभही गेला. मग कर्ज कशासाठी काढले?

उलट दिशेने मात्र वाट मोकळी आहे. फुल-फ्रेमचे भिंग त्याच जोडणीच्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर निर्धास्त वापरावे. वर्तुळ मोठे असल्याने कोपरे उजळ राहतात. 50 मिलिमीटरचे साधे भिंग त्यावर 75च्या जवळपास दिसते, म्हणजे चेहऱ्यांच्या चित्रांस उत्तम, आणि किंमतही बेताची. म्हणून आम्ही त्याला सुचविले की कॅमेरा पुढे पाहू, आधी असे एक भिंग घे. कॅमेरा बदलला तरी ते फुकट जाणार नाही.

तरीही ज्याच्या घरी दोन्ही आधीच आहेत, त्याने एक परीक्षा अवश्य करावी. कॅमेऱ्यात सोय असल्यास मधला भाग टिपण्याची योजना बंद करावी, भिंगाच्या तोंडावरील झाकर काढावी आणि पांढऱ्या भिंतीची चित्रे घ्यावीत: झूम भिंग असेल तर प्रथम आखूड टोकाला, मग मध्ये, मग लांब टोकाला. काही भिंगे आखूड टोकाला कोपरे काळे करतात, पण लांब टोकाकडे जवळजवळ सारी चौकट व्यापतात. तसे निघाले, तर त्या झूमवर खडूने खूण करून ठेवावी.