गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची कळ

पोलीस भरतीचे दिवस आले की फजरच्या नमाजनंतर मुले-मुली रस्त्याने धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे असते. दोन-तीन आठवडे बरे जातात आणि एके दिवशी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ उठते. थांबले की कमी होते, धावले की पुन्हा येते. उतारावर आणि जिना उतरताना जास्त जाणवते. घरात कोणी म्हणते शीर चढली, कोणी म्हणते वात आहे.

बहुधा हे दुखणे सांध्याच्या आतले नसते. कमरेच्या हाडापासून मांडीच्या बाहेरच्या बाजूने नडगीच्या हाडापर्यंत एक जाड, चिवट पट्टा जातो. त्याला इलिओटिबियल बँड म्हणतात. गुडघा साधारण ३० अंशांत वाकतो, तेव्हा या पट्ट्याचा दाब मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर येतो. धावताना हे हजारो वेळा घडते. १९७५ साली अमेरिकेच्या मरीन दलातील सैनिकांमध्ये या आजाराचे वर्णन झाले. तेही कसून सराव करणारे तरुणच होते.

पट्टा हाडावर घासतो असे पूर्वी मानत. २००६ मधील शरीररचनेच्या अभ्यासात दिसले की तो मांडीच्या हाडाला बांधलेला असतो आणि त्याखालचा चरबीचा नाजूक थर चेपला जातो. म्हणून दुखऱ्या जागी जोरजोरात मालीश करू नये. ती जागा आणखी चिडते.

मग करावे काय? कळ येते तितके धावणे काही दिवस बंद ठेवा. सपाट जागेवर चालून दुखत नसेल तर चाला. बर्फ कापडात गुंडाळून १५ मिनिटे शेका. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून थोडेच दिवस घ्या. गोळी घेऊन धावणे मात्र नको.

खरा इलाज कुल्ल्याचे स्नायू बळकट करण्यात आहे. ते कमजोर असले की धावताना मांडी आत झुकते आणि पट्ट्यावर ताण येतो. पाठ भिंतीकडे करून कुशीवर झोपा, दुखरा पाय वर ठेवा. गुडघा सरळ ठेवून तो सावकाश फूटभर उचला, सावकाश खाली आणा. दहा वेळा, असे तीनदा करा. एका अभ्यासात २४ धावपटूंनी सहा आठवडे असे व्यायाम केले. त्यातील २२ जण कळ न येता पुन्हा धावू लागले.

त्यानंतर एक दिवस आड, सपाट मैदानावर, थोडे थोडे अंतर वाढवा. रस्ता एका बाजूला उतरता असेल तर रोज त्याच कडेने धावू नका.

गुडघा सुजला, नमाजात बसता-उठताना अडकला, पाय टेकवेना किंवा ताप आला, तर हे दुखणे वेगळे असू शकते. लगेच डॉक्टरांना दाखवा.

पालकांना एक विनंती. पुष्कळ मुली दुखणे लपवतात, कारण सांगितले तर धावणेच बंद होईल अशी धास्ती असते. त्यांना घरी बसवू नका. सहा आठवडे धीर धरा आणि पुढच्या वेळी जाहिरातीची वाट न पाहता तयारी आधीच सुरू करू द्या.