स्पॉटची यादी नको, तिथी बघा!

ग्रुपवर मेसेज पडतो, 'लाँग वीकेंड. कोकण. कोण कोण?' पाच मिनिटांत अकरा अंगठे. दहाव्या मिनिटाला कुणीतरी रील टाकतं, 'या सात जागा बघितल्याच पाहिजेत'. झालं आपलं प्लॅनिंग! मग उरतो फक्त एक प्रश्न, गाडी कुणाची?

मीही असंच प्लॅनिंग करायचे. गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही सहा जण चिपळूणला गेलो. वाशिष्ठीत मगरी बघायच्या होत्या. रात्री गप्पा, सकाळी उशिरा जाग, सावकाश नाश्ता... गोवळकोटच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. तासभर होडीत बसलो. वर ऊन, खाली पाणी आणि मगर एकही नाही. आमच्यातला एक जण वैतागून म्हणाला, ''काका, इथे मगरी आहेत तरी का?''

होडीवाले काका हसले. ''आहेत रे बाबा. पण आज पुनव. पाणी भरलंय. त्यांची बसायची जागाच पाण्याखाली गेली. तिथी बघून यायचं ना!''

तिथी? ती तर आजी बघते, उपासासाठी!

परतताना काकांनी हिशेब समजावला. तिथीला पाऊणने गुणायचं, की किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. त्याच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. शिवाय अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीला भांग, म्हणजे चढउतार कमी. गोवळकोट समुद्रापासून बरंच आत आहे, त्यामुळे तिथे भरती आणखी उशिरा पोचते. किती उशिरा, ते तिथल्या माणसालाच विचारायचं. थंडीच्या दिवसांत सकाळची ओहोटी असेल, तर मगरी अंग शेकायला चिखलाच्या काठावर येऊन पडतात. थंड रक्ताचा प्राणी, त्याला उन्हाची गरज असतेच.

म्हणजे एका फोनचं काम होतं. आम्ही हॉटेलला तीन फोन केले होते, वायफाय आहे का, पार्किंग आहे का, चेक-आउट किती वाजता. होडीवाल्याला एकही नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे. निसर्ग बघायला जाणार असाल, तर प्लॅन निसर्गाच्या वेळापत्रकावर करा, आपल्या नाही. यात फक्त आपले पैसे वाया जाण्याचा प्रश्न नाही. चुकीच्या वेळी, चुकीच्या पद्धतीने गेलो तर दुसऱ्या कुणाचं तरी नुकसान होतं.

वेळासचंच बघा. मंडणगड तालुक्यातल्या या गावात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पूर्वी ही अंडी चोरीला जायची. चिपळूणच्याच 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ च्या सुमारास गावकऱ्यांना सोबत घेऊन ती जपायला सुरुवात केली. अंड्यांतून पिल्लं बाहेर यायला साधारण दीड-दोन महिने लागतात, म्हणून पिल्लं दिसण्याचा काळ मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल. पण नेमकं तुमच्याच शनिवारी पिल्लू बाहेर येईल, याची हमी कोण देणार? तरी आपण विचारतोच, ''आज नक्की दिसतील ना? आम्ही इतक्या लांबून आलोय.'' पिल्लं उजेडाच्या दिशेने सरकतात, म्हणून मोबाइलचा फ्लॅश त्यांना भरकटवू शकतो. आणि ओल्या वाळूतला आपल्या पायाचा एक ठसा त्यांच्यासाठी खड्डा असतो. दोरीच्या मागे उभे राहा असं सांगतात, ते उगाच नाही.

धनेशाचंही तेच. कोकणातल्या देवरायांत आणि जुन्या झाडांच्या ढोलीत मलबारी कवड्या धनेश घरटं करतो. मादी स्वतःला ढोलीत कोंडून घेते, एक फट सोडून ढोलीचं तोंड बंद होतं आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो. आपण फोटोसाठी झाडाखाली तासभर गोंगाट केला आणि नर फिरकलाच नाही, तर उपाशी आत कोण राहणार? आपण तर तोपर्यंत मिसळ खायला निघून गेलेलो असतो.

आणि माणसं? सह्याद्री आणि खाडी यांच्या मधल्या खोऱ्यात वसलेलं हे शहर. डोंगरावरचं पाणी उतरतं इथेच. कोयनेच्या वीजप्रकल्पातून वापरून झालेलं पाणीही वाशिष्ठीतच येतं. खालून भरती आत ढकलत असते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात बाजारपेठ बुडाली, दुकानं, घरं, शहरातल्या जुन्या वाचनालयाची पुस्तकंसुद्धा. काकांनी बोलता बोलता हात डोक्याच्या वर नेऊन दाखवलं, ''घरात एवढं पाणी होतं.'' मी त्याच नदीचं दहा मिनिटांपूर्वी 'शांत, सुंदर' असं कॅप्शन टाकलं होतं. २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावर फिरणाऱ्या मगरीचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी हसत हसत फॉरवर्ड केला. ज्यांच्या दारावरून ती गेली, ते हसले असतील का?

म्हणून पावसाळ्यात रेड अलर्ट असेल तर ट्रिप सरळ रद्द करा. सवतसडा धबधबा पुढच्या वर्षीही तिथेच असेल. आपण अडकलो तर सोडवायला धावणार कोण? ज्याच्या स्वतःच्या घरात पाणी शिरतंय, तोच.

आता तुम्ही म्हणाल, 'हे ठीक आहे गं, पण आम्हाला सुट्टी मिळते ती कॅलेंडर बघून, पंचांग बघून नाही. इंटर्नल्स, असाइनमेंट्स, घरची परवानगी, खिशातले पैसे, सगळं जुळेपर्यंत ओहोटी निघून जाते.' मान्य! मीही इंटर्न आहे, माझी सुट्टी माझे संपादक ठरवतात. पण उपाय सोपा आहे. तारीख बदलता येत नसेल तर हट्ट बदला. आधी 'काय बघायचं' ठरवून निसर्गाला आपल्या तारखेत कोंबण्यापेक्षा, 'या तारखेला तिथे काय चालू असतं' हे विचारा. जानेवारीत सकाळची ओहोटी आहे? मग मगरी. मार्च आहे? मग कासवं. भरती दुपारीच आहे? मग सकाळी देवराई, संध्याकाळी गोवळकोटच्या किल्ल्यावरून नुसती खाडी बघत बसा. सातऐवजी दोनच जागा झाल्या तर काय बिघडतं?

बाकी छोट्या गोष्टी तुम्हाला माहीत आहेतच. कोकण रेल्वेने चिपळूण गाठा, पुढे एसटी आहे. घरगुती खानावळीत जेवा, पण किती जण येणार ते आधी कळवा, म्हणजे अन्न वाया जात नाही. वेफर्सची पाकिटं नेली तशी परत आणा.

त्या दिवशी उतरताना मी काकांना म्हटलं, ''पैसे फुकट गेले म्हणायचे.'' ते म्हणाले, ''मगर दिसली नाही म्हणून नदी फुकट गेली का?'' मला उत्तर सुचलं नाही. मी त्यांचा नंबर तेवढा घेतला.

या थंडीत पुन्हा जायचंय. ग्रुपवर मेसेज टाकलाय. या वेळी रील नाही टाकली, कालनिर्णयच्या पानाचा फोटो टाकलाय. अजून तीनच अंगठे आलेत. पण फोन मी आधी काकांना केला, गाडी कुणाची ते नंतर बघू.