मदतीच्या माणसाला हक्क द्या, ओटीपी मागायची वेळ आणू नका

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते आणि लहान दुकानदारांचे हिशेब ठेवते. रावपुऱ्यातले हार्डवेअरवाले, मंगळ बाजारातले कापडवाले, मांडवीच्या आतले भांडीवाले अशी माझी गिऱ्हाइकं. जीएसटी भरणं, नोकरांचे पगार खात्यात टाकणं, माल आला की पुरवठादाराला पैसे पाठवणं, हे रोजचं काम. दर व्यवहाराला सहा आकडे लागतात आणि ते येतात मालकाच्या मोबाइलवर. मालक गल्ल्यावर असतो, गोदामात असतो, नाहीतर सुरतेला लग्नाला गेलेला असतो. मी फोन लावते. पलीकडून आवाज येतो, "बेन, लखो (ताई, लिहून घ्या)," आणि तो आकडे वाचून दाखवतो. ज्या मेसेजमधून तो वाचतो त्याच मेसेजात लिहिलेलं असतं: हा ओटीपी कुणालाही सांगू नका.

लहान धंदा जिथे आहे तिथे सगळीकडे हे असंच चालतं, आणि घरांतही. सासऱ्यांचं खातं सून बघते, बडोद्यातल्या आईचं खातं पुण्यातला मुलगा बघतो. बँकांनी सुरक्षेची साधनं बनवताना डोळ्यांसमोर एकच माणूस ठेवला आहे. त्याचा मोबाइल सदैव त्याच्याच हातात असतो, त्याला बारीक अक्षर दिसतं, इंग्रजी समजतं, आणि तो आपले सगळे व्यवहार एकट्याने करतो. असे लोक आहेत, त्यांचं ठीक चाललंय. पण आमच्याकडे पैसा घरात मिळून हाताळला जातो आणि दुकानात मुनीमावर विश्वास टाकून हाताळला जातो. ही पद्धत बँका यायच्या आधीपासूनची आहे आणि तिच्यात गैर काही नाही.

आता नियम बघा. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाच्या बाजूचं आहे आणि ते प्रत्येकाने वाचायला हवं. खात्यातून परस्पर पैसे गेले, चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर एक रुपयाही येत नाही. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचा भारही बँकेवरच टाकलेला आहे. पण त्यातच एक वाक्य आहे: ग्राहकाने आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिली असेल तर तो निष्काळजीपणा, आणि बँकेला कळवेपर्यंत झालेलं सगळं नुकसान ग्राहकाचं. म्हणजे साधन असं बनवायचं की दुसऱ्याला सांगितल्याशिवाय काम होऊ नये, आणि सांगितलं की त्यालाच दोषी धरायचं. माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे. माझ्या रावपुऱ्यातल्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर उद्या कुणी डल्ला मारला, त्यात माझा काडीचा संबंध नसला, तरी बँक पहिला प्रश्न विचारेल: तुम्ही ओटीपी कुणाला सांगत होता का? आणि तो खरं बोलणारा माणूस आहे.

माझ्या कपाटात एक बिस्किटांचा डबा आहे. त्यात गिऱ्हाइकांचे डिजिटल सहीचे टोकन आहेत, पेन ड्राइव्हसारखे दिसणारे. प्रत्येकाला दोरा बांधून चिठ्ठी लावलेली. ते खोचायचं, आतला दिवा लागतो की नाही बघायचं, नाही लागला तर ड्रायव्हर पुन्हा टाकायचा, मग पासवर्ड. तो ठरावीक वेळा चुकला की टोकन कुलूपबंद, आणि सहीची मुदत संपली की सगळं पहिल्यापासून. माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० पासून या सहीला कागदावरच्या सहीचं स्थान दिलं आहे. ती ज्याची त्यानेच करायची असते. प्रत्यक्षात असे डबे कर सल्लागारांच्या, हिशेबनिसांच्या कपाटात दिसतात, कारण दर विवरणपत्राला मालक दुकान बंद करून आमच्याकडे येऊन बसू शकत नाही. काही बँकांनी चालू खात्यांना किल्लीच्या जुडग्याएवढं यंत्र दिलं होतं, पडद्यावर आकडे बदलत राहणारं. ते मला बरं वाटायचं. नेटवर्क लागत नसे आणि आकडे मोठे दिसत. पण आतली बॅटरी संपली की यंत्रच बाद. एका बँकेत बदली यंत्रासाठी अर्ज दिला तेव्हा काउंटरवरून उत्तर मिळालं, आता ते बंद, मोबाइलवर ॲप घ्या. त्या मालकाकडे बटणांचा फोन होता आणि तो त्याला पुरत होता.

पासवर्डाबरोबर ओटीपीसारखी ओळखीची दुसरी खूण मागण्याची पद्धत वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला जास्तीची खूण सक्तीची केली, तेव्हा नुसता कार्डाचा नंबर चोरून खरेदी करणं इथे अवघड झालं. हे मोठं काम झालं आणि ते मान्य करायलाच हवं. बिघडलं ते नंतर. तेच आकडे सगळीकडे मागायला सुरुवात झाली. गॅसचा सिलिंडर आला, कोड सांगा. पार्सल आलं, ओटीपी सांगा. टॅक्सीत बसलात, चालकाला चार आकडे सांगा. दारात उभ्या अनोळखी माणसाला मोबाइलवरचे आकडे वाचून दाखवायची सवय आपणच लोकांना लावली, आणि बँकेचा मेसेज आला की मात्र त्यांनी ओठ घट्ट मिटून घ्यावेत अशी अपेक्षा. माझ्या सासूबाईंना या दोन मेसेजांतला फरक कसा कळावा? दोन्ही इंग्रजीत, दोन्हींत आकडे.

सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. पूर्वी शाखेत जाऊन अधिकाऱ्यासमोर उभं राहिलं की तो होत असे. नोव्हेंबर २०१४ मध्ये डिजिटल दाखला सुरू झाला आणि बोट टेकवायचं यंत्र आलं. आयुष्यभर भांडी, धुणं, चटणी-मसाले केलेल्या बायकांच्या बोटांवर रेघा उरत नाहीत. उजवा अंगठा, डावा अंगठा, मग एकेक बोट, पुसून, तेल लावून, पुन्हा पुसून. यंत्राला ठसा मिळत नाही आणि पडद्यावर लाल अक्षरं येतात. त्या माझ्याकडे बघतात, जणू काही आपण काही लपवलंय. पुढे चेहऱ्यावरून ओळखायची सोय झाली, ती खरोखर चांगली आहे, पण डोळ्यांची उघडझाप सांगितल्या क्षणी व्हायला हवी, आणि त्यांना ऐकू कमी येतं.

हे सगळं कागदावर कसं चालत होतं ते मला ठाऊक आहे, म्हणून जास्त लागतं. आजारी, वृद्ध, अपंग खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेची सूचना वर्षानुवर्षं आहे. सही करता येत नसेल तर हाताच्या अंगठ्याचा ठसा चालतो, तोही जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा. दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. ठसाही देता येत नसेल तर पैसे काढायच्या कागदावर नुसती खूण घेता येते, आणि पैसे कोण नेणार ते खातेदाराने बँकेला दाखवून द्यायचं असतं. त्या माणसाची ओळख दोघांनी पटवायची, त्याने सही द्यायची. ज्याने हे लिहिलं त्याने अंथरुणाला खिळलेला माणूस पाहिला होता. त्याला मदत करणारा कुणीतरी असणार हे त्याने गृहीत धरलं आणि त्या मदतनीसाला नियमात जागा दिली. मोबाइलच्या बँकेत ही जागाच नाही. तिथे सासूबाईंसाठी मी कुणीच नाही, आणि त्यांच्याऐवजी मी ॲप उघडलं तर मी तोतया.

ऑगस्ट २०२४ चा पूर बडोदेकर विसरणार नाहीत. विश्वामित्री नदी चढली, समा, फतेगंज, वडसर या बाजूला घरांत पाणी शिरलं, कित्येक वस्त्यांत वीज गेली. माझ्या ओळखीतलं एक कुटुंब वरच्या मजल्यावर अडकलं होतं. एका फोनची बॅटरी संपली, आणि खाली राहिलेला दुसरा फोन पाण्यात गेला. पाणी ओसरल्यावर त्यांना खात्यातले स्वतःचेच पैसे लागत होते, गाळ काढणाऱ्यांना द्यायला आणि औषधांना. खातं होतं, पैसे होते, पासवर्ड पाठ होता, फक्त तो फोन नव्हता. नवीन सिम घ्यायला ओळखपत्र हवं, आणि त्यांचं आधार कार्ड ओलं होऊन गेलेलं. शाखेने सांगितलं, आधी नंबर चालू करून या. सगळ्या किल्ल्या एकाच फोनवर टांगल्या की असं होतं.

आणि तो नंबर तरी पक्का असतो का? बँक ऑफ बडोदा २० जुलै १९०८ रोजी महाराजा सयाजीराव गायकवाडांनी याच शहरात सुरू केली. आम्हा बडोदेकरांना तिचा अभिमान आहे, म्हणून हे लिहिताना जड जातं. १० ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्या 'बॉब वर्ल्ड' ॲपवर नवे ग्राहक घ्यायला मनाई केली. कारण दिलं ते ग्राहक जोडण्याच्या पद्धतीबद्दलच्या गंभीर काळजीचं. खातेदारांच्या खात्यांना भलत्यांचेच मोबाइल क्रमांक जोडले गेल्याच्या बातम्या त्याआधी आल्या होत्या. मे २०२४ मध्ये मनाई उठली, बँकेने सुधारणा केल्या. पण खात्याला जोडलेला क्रमांक म्हणजे खातेदार, या एका गृहीतकावर सगळी इमारत उभी आहे, आणि ते जोडण्याचं काम शेवटी माणसंच करतात. तिथे गडबड झाली तर ओटीपी अचूक पोचतो, फक्त चुकीच्या हातात पोचतो.

आता नवे नियम आले आहेत. रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ रोजी डिजिटल व्यवहारांच्या ओळख पटवण्याबद्दल निर्देश काढले, १ एप्रिल २०२६ पासून लागू. दोन वेगळ्या खुणा हव्यातच, पण त्यातली एक एसएमएसचा ओटीपीच हवी असा आग्रह नाही. दुसरी साधनंही चालतील, आणि निर्देश न पाळल्यामुळे ग्राहकाचं नुकसान झालं तर बँकेने पूर्ण भरपाई करायची आहे. दार उघडलं आहे. माझी भीती अशी की त्या दारातून बँका स्वतःला स्वस्त पडेल तेच आत आणतील: एका फोनला बांधलेलं ॲप, चेहरा, बोट. बटणांचा फोन असलेला मालक आणि ठसा न उमटणाऱ्या सासूबाई आणखी बाहेर ढकलल्या जातील. साधन कोणतं हवं ते खातेदाराला निवडू द्या. आकडे दाखवणारं यंत्र कुणी मागितलं तर ते मिळायला हवं, त्याची किंमत लागली तर लागू दे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मदतनीसाची अधिकृत नोंद. ही कल्पना हवेतली नाही. मोठ्या कंपन्यांच्या नेट बँकिंगमध्ये एकजण व्यवहार तयार करतो आणि दुसरा मंजूर करतो, दोघांची नावं वेगळी, किल्ल्या वेगळ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या यूपीआय सर्कलमध्ये आपल्या खात्यातून दुसऱ्याला खर्च करायची मुभा देता येते, महिन्याला १५,००० रुपयांची मर्यादा घालून. तंत्र तयार आहे. तेच बचत खात्याच्या सगळ्या व्यवहारांना आणि लहान दुकानदाराच्या चालू खात्याला मोफत आणि मराठीत-गुजरातीत का मिळू नये? नोव्हेंबर २०२५ पासून खातेदार नॉमिनी म्हणून चार नावं देऊ शकतो. मेल्यानंतरच्या पैशासाठी चार नावं, आणि जिवंतपणी वीजबिल भरायला मदत करणाऱ्या सुनेसाठी एकही रकाना नाही.

बँकेतले लोक म्हणतात, मदतनीसच फसवेल. फसवणारे आहेत, वृद्धांच्या खात्यावर घरचीच माणसं हात मारतात हे मीही पाहिलं आहे. पण आज काय आहे? ज्याच्या हातात फोन आणि पासवर्ड, त्याला सगळं खातं मोकळं, आणि बँकेच्या नोंदीत सगळं खातेदारानेच केलेलं. मदतनीसाची स्वतःची ओळख असेल तर तो ठरलेल्या पाच-सहा ठिकाणीच पैसे पाठवू शकेल, ठरलेल्या रकमेच्या वर जाणार नाही, मुदतठेव मोडू शकणार नाही, आणि कुणी काय केलं ते नावानिशी दिसेल. खातेदाराला वाटेल तेव्हा तो हक्क काढून घेता येईल. यात लुबाडणं आजच्यापेक्षा कठीण होईल.

मी सासूबाईंच्या शाखेत तसा लेखी अर्ज दिला आहे. मदतनीस म्हणून माझं नाव, महिन्याची मर्यादा, वीज, गॅस, औषधं आणि दवाखाना एवढेच खर्च, साक्षीदार म्हणून शेजारचे दोघे. अर्ज घेणाऱ्या अधिकाऱ्याने तो दोनदा वाचला, असा नमुना आमच्याकडे नाही म्हणाला, आणि पोच दिली. माझ्या गिऱ्हाइकांनाही मी असेच अर्ज लिहून देते आहे, प्रत्येकाच्या बँकेत एक.