चवदार तळ्याचा ठराव आणि ग्रामपंचायतीची पायरी



३ डिसेंबर आला की गल्लीपासून मंत्रालयापर्यंत जागतिक दिव्यांग दिन साजरा होतो. पुष्पगुच्छ, सत्कार, भाषणं, तीनचाकी सायकलींचं वाटप आणि फोटो. ४ डिसेंबरला तीच तीनचाकी घेऊन तोच माणूस रहिवासी दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत जातो आणि पायरीपाशी अडतो. मग ग्रामसेवक बाहेर येईपर्यंत उन्हात थांबायचं, नाहीतर कुणाच्या तरी पाठीवर बसून आत जायचं. सरकारी अहवालात मात्र त्याचं कल्याण आदल्या दिवशीच झालेलं असतं.

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. सार्वजनिक इमारतीत शिरता येणं हा हक्क आहे. त्याचा खर्च कल्याण निधीच्या तुकड्यातून न होता इमारतीच्या मूळ अंदाजपत्रकातून झाला पाहिजे. आणि हा मुद्दा आंबेडकरी तरुणांनी हातात घ्यायला हवा, कारण या लढ्याचा पहिला धडा आपल्याच इतिहासात आहे.

ठराव झाला, पाणी मिळालं नाही

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा, म्हणजे रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेली किंवा सरकारी ताब्यातली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालयं, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्याला धरून चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर काम झालं. प्रत्यक्षात तळ्यावर कोणी पाऊल ठेवू शकलं नाही.

म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह तळ्यावर चालत जावं लागलं. त्यानंतर त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने लागला. पहिल्या ठरावापासून शेवटच्या निकालापर्यंत जवळपास १४ वर्षं गेली.

या इतिहासातून निघणारा धडा साधा आहे. ठराव म्हणजे प्रवेश नव्हे. स्थानिक स्वराज्य संस्था ठराव करते, फाईल बंद करते, आणि माणूस बाहेरच राहतो. आज दिव्यांगांच्या बाबतीत नेमकं हेच चाललं आहे.

कायद्यात सगळं आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचं कलम ४४ सांगतं की सुगम्यतेचे निकष पाळले नसतील तर इमारतीला बांधकाम परवानगी द्यायची नाही, पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही आणि वापरही सुरू करू द्यायचा नाही. कलम ४५ सांगतं की आधीपासून उभ्या असलेल्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून ५ वर्षांत सुगम्य करायच्या. नियम १५ जून २०१७ रोजी निघाले. म्हणजे ही मुदत जून २०२२ मध्येच संपली. कायदा मोडल्यास कलम ८९ नुसार पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि पुन्हा मोडल्यास ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. केंद्राच्या नियमांत सुगम्यतेचे निकष नुसत्या मार्गदर्शक सूचनांसारखे होते. कायदा सक्ती सांगतो आणि नियम सल्ला देतात, हे चालणार नाही, असं म्हणत न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि ३ महिन्यांत सक्तीचे निकष बनवायला सांगितलं. हा खटला एका दृष्टिहीन नागरिकाने २००५ साली सुरू केला होता. इथेही निकालापर्यंत जवळपास दोन दशकं गेली.

जिल्ह्यापेक्षा कायदा जुना

आता हिंगोलीकडे या. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. अपंगांसाठीचा देशातला पहिला व्यापक कायदा, १९९५ चा, त्याआधी ३ वर्षं, म्हणजे फेब्रुवारी १९९६ मध्येच लागू झाला होता. सार्वजनिक इमारतींना रॅम्प असावेत हे त्या कायद्यातही होतं, भले आर्थिक कुवतीची पळवाट ठेवून का होईना. म्हणजे जिल्हा झाल्यानंतर इथे जी जी सरकारी इमारत उभी राहिली, ती हा कायदा असतानाच उभी राहिली. निजामाच्या काळातला वाडा आहे, इंग्रजांच्या काळातली कचेरी आहे, ही सबब या इमारतींना लागू होत नाही.

हिंगोली, कळमनुरी आणि वसमत इथे नगर परिषदा आहेत, सेनगाव आणि औंढा नागनाथला नगरपंचायती आहेत. ५ पंचायत समित्या आहेत, शेकडो ग्रामपंचायती आहेत. २०२४ मध्ये हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जिल्ह्यात नवं बांधकाम होतच राहणार आहे. प्रत्येक नव्या पायऱ्यांसमोर कलम ४४ उभं करायचं की बांधून झाल्यावर निवेदनं देत फिरायचं, हे आपण ठरवायचं आहे.

ही माणसं किती? २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. देशाचं दिव्यांगांचं प्रमाण, २.२१ टक्के, लावलं तरी हा आकडा २६ हजारांवर जातो. तेव्हाच्या जनगणनेत दिव्यांगत्वाचे ८ प्रकार मोजले होते, आजच्या कायद्यात २१ आहेत. म्हणजे खरी संख्या याहून मोठीच असणार.

पाच टक्क्यांचा खेळ

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. तसेच ५ टक्के दिव्यांगांसाठी आहेत. आधी हे प्रमाण ३ टक्के होतं, २०१८ च्या शासन निर्णयांनी ते ५ टक्के झालं. हा निधी मिळालाच पाहिजे, त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण तो किती असतो याचा हिशेब एकदा करून बघा.

समजा एका गावाची घरपट्टी, पाणीपट्टी मिळून वर्षाची वसुली २ लाख रुपये आहे. त्याचे ५ टक्के म्हणजे १० हजार. गावात २० दिव्यांग असतील तर माणशी ५०० रुपये. त्या ५०० रुपयांचा धनादेश देताना सरपंच, सदस्य, ग्रामसेवक सगळे फोटोत उभे राहतात. आता याच १० हजारांत रॅम्पही बांधा म्हटलं तर काय होईल? दिव्यांगांच्या हातचे ५०० रुपये जातील आणि तीन पायऱ्यांच्या शेजारी सिमेंटची घसरगुंडी उभी राहील.

घसरगुंडी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. रॅम्पचा मान्य उतार १ ला १२ आहे. जोतं २ फूट उंच असेल तर रॅम्प २४ फूट लांब हवा. दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा. व्हीलचेअर शिरेल इतकं, म्हणजे ९०० मिलिमीटर रुंद दार हवं. ६ फुटांत २ फूट चढवलेल्या उतारावरून चाकाची खुर्ची वर जात नाही. खाली येताना माणूस तोंडावर आपटतो. असा रॅम्प बिल काढण्यापुरता असतो.

इमारतीच्या पायऱ्यांचा खर्च कोणत्या निधीतून होतो? कोणत्याच वेगळ्या निधीतून नाही. पायऱ्या इमारतीचाच भाग मानल्या जातात. मग रॅम्प वेगळ्या निधीतून का? चालणाऱ्याचा रस्ता इमारतीच्या पैशातून आणि खुर्चीवरच्या माणसाचा रस्ता दानपेटीतून, हा भेद आपल्याला ओळखीचा वाटत नाही का? गावासाठी विहीर सरकारी पैशाने आणि अस्पृश्यांसाठी कोणीतरी दयाळू माणसाने बांधून दिलेली वेगळी विहीर, हा तोच न्याय आहे.

सुगम्यता नुसत्या रॅम्पवर संपतही नाही. ग्रामसभेची दवंडी कर्णबधिराला ऐकू येत नाही, फलकावरची नोटीस अंधाला वाचता येत नाही. एसटीत भाड्याची ७५ टक्के सवलत आहे, पण बसची पायरी गुडघ्याच्या वर आहे. २६ एप्रिल २०२४ ला हिंगोली लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदाराला घरून मतदानाची सोय होती, मतदान केंद्रांवर रॅम्प आणि व्हीलचेअरची जबाबदारी निवडणूक यंत्रणेवर होती. मत घ्यायला जी यंत्रणा घरापर्यंत येऊ शकते, तिला ग्रामसभेच्या दिवशी काय होतं? मतदार म्हणून हवा असलेला माणूस नागरिक म्हणून नको, असाच याचा अर्थ निघतो.

हा प्रश्न आपला कसा

काही मित्र म्हणतील, आपल्यापुढचे प्रश्न काय कमी आहेत, त्यात हा कशाला? त्यांनी जनगणनेचा एक आकडा पाहावा. २०११ मध्ये देशात दिव्यांगांचं प्रमाण अनुसूचित जातींत २.४५ टक्के होतं. अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांत ते २.१८ टक्के होतं. ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम, गटारसफाई ही शरीर मोडणारी कामं कोणत्या वस्तीतून केली जातात? गरोदर बाईला पोटभर अन्न आणि वेळेवर दवाखाना कोणाच्या घरात मिळत नाही? आणि गावात शेवटचा रस्ता कोणत्या वस्तीला होतो? सवर्ण आळीतली तीनचाकी निदान सिमेंटच्या रस्त्यावरून ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचते. आपल्या वस्तीतली चिखलातच रुतते. एकाच माणसाला जात आणि पायरी दोन्ही अडवतात.

संविधानाच्या कलम १७ मध्ये अस्पृश्यतेतून निर्माण होणाऱ्या बंधनांसाठी मराठी पाठात 'निःसमर्थता' हा शब्द आहे. इंग्रजी पाठात तिथे जो शब्द आहे, तोच आज अपंगत्वासाठी वापरतात. या शब्दात मोठं शहाणपण आहे. पाण्याला शिवायला आपले हात असमर्थ नव्हते, समाजाने ती असमर्थता लादली होती. तसंच पाय नसलेला माणूस कार्यालयात जायला असमर्थ नसतो, पायरी त्याला असमर्थ करते.

'दिव्यांग' या शब्दाबद्दलही सावध राहा. मी तो वापरतो कारण सगळे सरकारी कागद त्याच नावाने निघतात. पण जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत लोकल बोर्डांच्या विधेयकात आपल्याला 'हरिजन' म्हणायचं ठरलं, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य बाबासाहेबांसह सभात्याग करून बाहेर पडले होते. देवाचं नाव चिकटवून हक्काची भूक भागवता येत नाही, हे त्यांना माहीत होतं. शरीराला दिव्य म्हणायचं आणि रॅम्प मागितला की निधी नाही म्हणायचं, ही त्याच जातीची चलाखी आहे.

राहिला तो नेहमीचा आक्षेप, 'गावात एक-दोनच अपंग, तेही कधी येत नाहीत, एवढा खर्च कशाला?' ते येत नाहीत कारण येता येत नाही. बंद दाराबाहेर गर्दी नाही म्हणून दार उघडायची गरज नाही, हा युक्तिवाद महाडच्या सनातन्यांनाही आवडला असता. शिवाय रॅम्पवरून म्हातारी आजी जाते, गरोदर बाई जाते, पाय मोडलेला शेतकरी जातो.

आधी आपलं दार, मग त्यांचं

काम सुरू कुठून करायचं? आपल्या बुद्धविहारापासून आणि समाजमंदिरापासून. त्यांच्या जोत्याला किती पायऱ्या आहेत, वंदनेला खुर्चीवरचा माणूस आत बसतो की दाराबाहेर, १४ एप्रिलच्या मंचावर चढायला उतार असतो का, हे आधी पाहा. समतेच्या घराला रॅम्प नसेल तर ग्रामपंचायतीला जाब विचारायला तोंड राहत नाही.

मग टेप घेऊन गावातली ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र आणि रेशन दुकान मोजा. जोत्याची उंची, रॅम्पची लांबी, दाराची रुंदी, शौचालय, एवढं एका कागदावर येतं. १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात तीन गोष्टी मागा: मागच्या ३ वर्षांचं ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न आणि ५ टक्के निधीचा खर्च, २०१७ नंतर बांधलेल्या इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले, आणि त्या इमारतींच्या अंदाजपत्रकात रॅम्पची तरतूद. ग्रामसभेत ठराव मांडताना त्यात तारीख, रक्कम आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद लिहून घ्या. दाद लागली नाही तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. कायद्याने त्यांना ते अधिकार दिले आहेत. आणि हे सगळं दिव्यांग साथींच्या पुढाकाराने करा. त्यांच्या वतीने बोलायला निघालेल्या दयाळू पुढाऱ्यांची कमतरता आधीच नाही.

२०२२ मध्ये मुदत संपल्यावर जिल्हा परिषदेचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. सदस्य असोत वा प्रशासक, कायदा दोघांनाही सारखाच बांधतो. निवडणूक आली की मतं मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारा, गेल्या ५ वर्षांत बांधलेल्या किती इमारतींत खुर्चीवरचा माणूस स्वतःच्या बळावर शिरू शकतो?

महाडच्या तळ्यावर पाण्याला हात लावला तेव्हा बाबासाहेबांना तहान भागवायची नव्हती, आपणही माणूस आहोत हे सिद्ध करायचं होतं. ग्रामपंचायतीच्या दारातला २४ फुटांचा उतार नेमकी तीच गोष्ट सांगतो. तो कुणी दान म्हणून देऊ नये आणि आपण दान म्हणून घेऊ नये.

जय भीम! जय संविधान!