पीसीओएस आहे? मग सोनोग्राफीबरोबर साखरही तपासा!

शाहूपुरी, कोल्हापूर : पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, मुरुमं जात नाहीत. मुलगी दवाखान्यात जाते, सोनोग्राफी होते, 'पीसीओएस' असं निदान होतं. गोळ्या सुरू होतात आणि घरचे म्हणतात, 'लग्नानंतर होईल सगळं नीट.' या सगळ्यात एक साधी तपासणी बऱ्याचदा राहून जाते. ती म्हणजे रक्तातल्या साखरेची.

नेमकं बिघडतं काय?

पीसीओएस असलेल्या बहुतेक महिलांमध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. घरातल्या एका नळाची पाइप चोंदली म्हणून मोटर जोरात चालवली, तर त्या नळाला कसंबसं पाणी येतं. पण न चोंदलेल्या नळातून ते धो धो वाहतं. इथेही तसंच होतं. स्नायू दाद देत नाहीत म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. अंडाशय मात्र त्याला दाद देत राहतं आणि जास्त टेस्टोस्टेरॉन तयार करतं. शिवाय या हार्मोनला रक्तात बांधून ठेवणारं एसएचबीजी हे प्रथिन यकृत कमी बनवतं. त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं, स्त्रीबीज पूर्ण वाढत नाही आणि पाळी लांबते. सोनोग्राफीत दिसतात त्या खऱ्या 'गाठी' नसतात. ती वाढ अर्धवट राहिलेली बीजकोशं असतात.

'ती तर बारीक आहे!'

हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. मुंबईत 15 ते 24 वयाच्या मुलींचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रॉटरडॅम निकषांनुसार 22.5 टक्के, तर अधिक कडक निकषांनुसार 10.7 टक्के मुलींमध्ये पीसीओएस आढळला. रॉटरडॅम निकषांत बसणाऱ्यांपैकी 70 टक्क्यांहून अधिक मुली लठ्ठ नव्हत्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं होतं. त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा बीएमआय सारखाच, 22.3. पण सहकाऱ्याच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के! वजनकाटा सगळं सांगत नाही, ते असं.

कोणती तपासणी?

2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, वजन कितीही असलं तरी पीसीओएसचं निदान होताच साखरेची स्थिती तपासावी. त्यासाठी सर्वांत अचूक ओजीटीटी : उपाशीपोटी एकदा आणि 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. दुसरा आकडा 140 ते 199 आला तर मधुमेहाचा उंबरठा, 200 किंवा त्यापुढे गेला तर मधुमेहाची शक्यता. पुढेही दर एक ते तीन वर्षांनी तपासणी हवी. याउलट, पॅकेजमध्ये मिळणारी 'फास्टिंग इन्सुलिन' चाचणी सरसकट करण्याची शिफारस या सूचना करत नाहीत. मानेवर, काखेत काळपट, जाडसर त्वचा दिसली तर तो मळ समजून घासू नका. ती इन्सुलिन रेझिस्टन्सची खूण असू शकते.

आणि गूळ?

शाहूपुरीची पेठच राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवली. त्यामुळे 'साखर बंद, गूळ चालतो' हे इथे पटकन पटतं. पण गुळातही मुख्यतः साखरच असते आणि शरीर तिचा हिशेब तसाच मांडतं. व्यायामाचा फायदा मात्र खरा आहे : काम करणारे स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतात. वजन तसूभर उतरलं नाही तरी तो उपयोगी पडतो.

आमचं मत

पीसीओएसकडे आपण लग्न आणि मूल याच चष्म्यातून पाहतो. म्हणून पाळी आली की उपचार संपले, असं वाटतं. गोळ्यांनी पाळी नियमित होते आणि गर्भाशयाच्या अस्तराचं रक्षण होतं. त्या मनाने बंद करू नयेत. पण इन्सुलिनचा प्रश्न त्याने सुटत नाही. विशीतल्या मुलीला चाळिशीतल्या मधुमेहाची सूचना आज मिळू शकते. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर साखरेच्या तपासणीची एक ओळ डॉक्टरांनी लिहायलाच हवी. ती नसेल तर मुलींनी न लाजता विचारावं, 'डॉक्टर, माझी साखर कधी तपासायची?'