पेढीच्या दूरध्वनीच्या बाहेरच्या लाइनी

दुकानाचे तोंड कोणत्या रस्त्यास असावे, गादी कोठे घालावी, तिजोरीची किल्ली कोणाकडे राहावी, या गोष्टी आपल्या वाडवडिलांनी गवंड्यावर किंवा सुतारावर कधी सोपविल्या नाहीत. पेढीला आज दूरध्वनीचे आणखी एक दार आहे. त्याची व्यवस्था मात्र यंत्र बसविणारा मनुष्य तासाभरात आपल्या सोयीने लावून जातो आणि धनी बिल चुकते करून मोकळा होतो. हे आम्हांस योग्य वाटत नाही. बाहेरच्या लाइनींची वाटणी धन्याने स्वतः ठरवावी आणि ती ठरविताना पहिला हक्क बाहेरून फोन करणाऱ्याचा मानावा, हे आमचे मत आम्ही सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

या अनास्थेचे मूळ जुन्या टंचाईत आहे. परगावचा फोन नोंदवून तासन्‌तास वाट पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. परगावचा क्रमांक थेट फिरविण्याची सोय देशात प्रथम १९६० साली कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान झाली. सी-डॉटने घडविलेले स्वदेशी ग्रामीण स्वयंचलित केंद्र १९८६ साली प्रथम उभे राहिले ते आपल्या बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे. तोवर एक फोन मिळणे हेच भाग्य समजले जाई. तो गादीजवळ ठेवावा आणि तबकडीला कुलूप लावावे, एवढीच काय ती व्यवस्था. आता लाइन मिळणे कठीण राहिलेले नाही, पण आपले मन अद्याप त्या कुलपापाशीच घोटाळते आहे.

तीन-चार बाहेरच्या लाइनी आणि आठ-दहा आतील फोन यांना जोडणारी ईपीएबीएक्सची पेटी आपणास तीन गोष्टी विचारते. बाहेरून आलेला फोन प्रथम कोठे वाजावा? बाहेर बोलणारे आणि बाहेरून येणारे यांची एकदम गर्दी झाल्यास लाइन कोणास मिळावी? आतील कोणत्या फोनवरून बाहेर बोलता यावे? यांची उत्तरे यंत्र बसविणाऱ्याने कोठून द्यावीत? ती पेढीच्या व्यवहाराचीच उत्तरे आहेत.

पहिल्या प्रश्नाचे महत्त्व व्यापाऱ्यांनी फार पूर्वी ओळखले होते. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्राउजर नावाचा अंत्यविधीची व्यवस्था करणारा एक व्यावसायिक होता. दूरध्वनी केंद्रातील बाई आपले फोन प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्यास संशय आला, असे सांगतात. त्याने माणसाच्या मदतीवाचून फोन जोडणारे यंत्र शोधून काढले व १८९१ साली त्याचे पेटंट मिळविले. आपल्या पेढीवर असा कोणी प्रतिस्पर्धी बसलेला नसतो. तरी रिकाम्या खोलीत वाजत राहिलेला फोन गिऱ्हाइकास शेजारच्या दुकानाकडेच नेतो. म्हणून फोन प्रथम विक्रीच्या जागी वाजावा, तेथे कोणी न उचलल्यास दिवाणजींकडे जावा आणि दुकान बंद झाल्यावर घरी किंवा धन्याच्या मोबाइलवर यावा. हा क्रम धन्याने कागदावर लिहून द्यावा.

दुसरा प्रश्न हिशेबाचा आहे. समजा, गर्दीच्या एका तासात २० फोन येतात आणि प्रत्येक बोलणे सरासरी ३ मिनिटे चालते. एकंदर मिनिटे ६०; तेव्हा एक लाइन पुरेल, असे वरवर वाटते. परंतु फोन रांग लावून येत नाहीत. कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील गणिती ए. के. एर्लांग यांनी १९१७ साली यासंबंधीचे सूत्र प्रसिद्ध केले. त्या सूत्राप्रमाणे एका लाइनीवर शंभरातील ५० फोन ‘एंगेज’ ऐकून परत जातील. दोन लाइनींवर २०, तीन लाइनींवर सुमारे ६ आणि चार लाइनींवर दीड-दोन. यात पेढीतून बाहेर केलेले फोन धरलेले नाहीत, हे ध्यानात घ्यावे. बुडालेली उधारी वहीत तरी दिसते. एंगेज ऐकून परत गेलेले गिऱ्हाईक बहुधा कोठेच दिसत नाही. म्हणून दूरध्वनी कंपनीकडून हंटिंगची सोय घ्यावी, म्हणजे छापील क्रमांक एकच राहून फोन पुढच्या मोकळ्या लाइनीवर जातो. आतून बाहेर जाणारे फोन मात्र शेवटच्या लाइनीपासून उलट क्रमाने जावेत आणि पहिली लाइन केवळ येणाऱ्या फोनांसाठी राखावी.

तिसऱ्या प्रश्नात काटकसर आणि सुरक्षितता यांचा मेळ घालावा लागतो. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे आवश्यक झाले. बाहेरची लाइन घेण्यासाठीही जेथे शून्यच आहे, तेथे दोन शून्ये लागतात. आणि परगावचे फोन अडविण्यासाठी ज्यांनी शून्य बंद केले होते, त्यांचे मोबाइलचे फोनही अडतात. तेव्हा चिडून सर्वच कुलपे काढणे हा उपाय नव्हे. परदेशी फोन ज्यास खरोखर लागतात त्यासच द्यावेत, यंत्राचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा आणि बाहेरून पेटीत शिरून पुन्हा बाहेर फोन लावण्याची सोय बंद ठेवावी. या सोयीचा गैरवापर करून परक्यांच्या बिलावर परदेशी फोन करणारे लोक आहेत.

मात्र वखारीच्या फोनला बाहेरची लाइन मुळीच नको, हे काही बंधूंचे म्हणणे आम्हांस मान्य नाही. रात्री आग लागल्यास रखवालदाराने काय करावे? ११२ हा क्रमांक पेढीतील प्रत्येक फोनवरून, आधी काहीही न लावता, लागलाच पाहिजे. वीज गेल्यावर पेटी बंद पडते, हेही विसरू नये. तांब्याच्या तारेची एक लाइन तेव्हा थेट साध्या फोनला जोडली जाईल अशी सोय अनेक यंत्रांत असते. फायबरची लाइन असल्यास तिच्या उपकरणास आणि पेटीस, दोहोंस इन्व्हर्टर हवा.

खिशात मोबाइल असता हा खटाटोप कशास, असे आमचे तरुण मित्र विचारतील. मोबाइलची सोय आम्ही नाकारीत नाही. पण नोकराचा क्रमांक नोकरासह जातो आणि त्यामागून गिऱ्हाईकही जाते. बिलावर छापलेला क्रमांक हा पेढीच्या नावाइतकाच पेढीच्या मालकीचा असला पाहिजे.

येत्या दिवाळीस नव्या वह्या घालताना सभासदांनी एक कागद या कामासाठी काढावा, त्यावर ही तीन उत्तरे लिहावीत, आणि एकदा बाहेरून आपल्याच पेढीस फोन करून तो कोण व किती वेळाने उचलतो ते पाहावे, एवढीच आमची आग्रहाची विनंती आहे.