सणाचे गोड, रोजची भाकरी



हुबळी-धारवाडची दिवाळी पेढ्याशिवाय होत नाही. प्लेगमुळे उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून इकडे आलेल्या ठाकूर कुटुंबाने खवा तांबूस होईपर्यंत परतून हा पेढा केला. आज त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि आम्हा धारवाडकरांना त्याचा अभिमान आहे. तरीही यंदाचा अंक आम्ही पोटाच्या आरोग्यावर काढला, कारण गोड आणि तळलेले पदार्थ आता सणापुरते उरलेले नाहीत. मिरची-भजी, बेकरीची बिस्किटे आणि बाटलीतली शीतपेये मुलांच्या रोजच्या खाण्यात आली आहेत.

आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी सूक्ष्म जीव नांदतात. भाकरी, कडधान्ये आणि पालेभाज्यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, त्यावर ते जगतात. तो आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात आणि त्यांवर आतड्याच्या अस्तरातील पेशी पोसल्या जातात. साखर आणि तेल-तूप मात्र बहुतेक लहान आतड्यातच शोषले जाते. चोथा मिळाला नाही, तर काही जीवाणू आतड्याला जपणारा बुळबुळीत थरच खाऊ लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. 2006 साली अमेरिकेत जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने लठ्ठ उंदरांचे जीवाणू जंतुरहित उंदरांच्या पोटात सोडले, तेव्हा त्यांच्या अंगावर चरबी अधिक चढली. माणसाचा लठ्ठपणा एवढ्याने उलगडत नाही. पण आपण काय खातो त्यावर आतड्यात कोण नांदणार हे ठरते, एवढे नक्की.

आपण भारतीयांनी तर जास्तच जपायला हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे मांडली. दोघांचाही बीएमआय 22.3, पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के. सडपातळ दिसणाऱ्यानेही कंबरेचा घेर मोजावा, तो यासाठी.

उपाय आपल्याच खानावळींच्या ताटात आहे: ज्वारीची भाकरी, वांग्याची एण्णेगाई, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, कच्ची मेथी, कारळ्याची चटणी, दही. हे ताट घरात परत यावे, पण त्याचा भार एकट्या बाईवर पडू नये. भाकरी थापायला सगळ्यांनी शिकावे. वेळ नसेल तर बायका करून विकतात त्या कडक भाकऱ्या घ्याव्यात. चार घरांच्या चुलीही त्यावर चालतात.

फराळ आनंदाने करा, पेढे वाटा. भाऊबीज सरली, डबे रिकामे झाले, की ते पुढच्या सणापर्यंत तसेच राहू द्या.